कारखान्याच्या चिमणीवरचा सेन्सर: प्रदूषण मंडळ आणि उद्योग एकत्र कसं काम करतात?

मी ज्या गावात लहानाचा मोठा झालो, तिथून साखर कारखाना अगदी जवळ होता. गळीत हंगाम सुरू झाला की दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडायची. आई कपडे झटकून पुन्हा वाळत घालायची. कुणीतरी तक्रार करायचं, मग एक दिवस साहेब लोक तपासणीला यायचे आणि नेमका त्याच दिवशी धूर एकदम पातळ असायचा. साहेब गेले की दुसऱ्या दिवशी पुन्हा राख!

तेव्हा वाटायचं, की हे सगळे आतून मिळालेले आहेत. आज या विषयावर वाचल्यावर कळतं, की गोष्ट इतकी सरळ नाही. वर्षातून दोन-चार वेळा मोजमाप होणार असेल, तर बाकीच्या दिवशी काय चालतं हे कुणालाच माहीत नसतं. मंडळालाही नाही, आणि बऱ्याचदा कारखान्याच्या मालकालाही नाही.

आता हे बदलतंय, आणि त्यामागे तंत्रज्ञान आहे: चिमणीवरचा सेन्सर, सर्व्हरवर जाणारा डेटा, ऑनलाइन लिलाव आणि कारखान्यांना मिळणारे स्टार. या लेखात आपण पाहूया, की नियम लावणारं मंडळ आणि नियम पाळणारे कारखाने एकत्र येऊन प्रदूषण खरोखर कमी करू शकतात का. त्यासाठी मुख्य उदाहरण घेतलंय सुरतचं, आणि सोबत आपल्या महाराष्ट्राचं.

## थोडक्यात महत्त्वाचं

- भारतात कारखान्यांच्या प्रदूषणावर लक्ष ठेवायचं काम राज्यांची प्रदूषण नियंत्रण मंडळं करतात.
- गुजरातमधल्या एका प्रयोगात दिसलं, की ऑडिटरला कारखानाच पैसे देत असेल तर अहवाल खोटे येतात. पैसे द्यायची पद्धत बदलली की अहवाल सुधारतात आणि प्रदूषणही कमी होतं.
- २०१९ मध्ये सुरतला धुरातल्या कणांसाठी भारतातला पहिला ‘उत्सर्जन बाजार’ सुरू झाला. त्यातल्या कारखान्यांचं प्रदूषण इतरांच्या तुलनेत २० ते ३० टक्के कमी झालं.
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं ५ जून २०१७ ला कारखान्यांना १ ते ५ स्टार द्यायची योजना सुरू केली.

## प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणजे नेमकं कोण?

केंद्रात एक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे आणि प्रत्येक राज्याचं आपापलं मंडळ आहे. महाराष्ट्राचं मंडळ १९७० पासून आहे. सुरुवातीला काम फक्त पाण्याच्या प्रदूषणाचं होतं. १९८१ मध्ये हवा प्रदूषणाचा कायदा आला आणि चिमण्याही मंडळाच्या अखत्यारीत आल्या.

कारखाना उभारण्याआधी एक आणि चालू करण्याआधी एक, अशी दोन संमतीपत्रं मंडळाकडून घ्यावी लागतात. त्यात लिहिलेलं असतं, की कोणतं इंधन वापरायचं, चिमणी किती उंच हवी, धुरात किती कण चालतील. प्रदूषणाच्या शक्यतेनुसार उद्योगांचे रंग ठरलेले आहेत. लाल म्हणजे सर्वांत जास्त, मग नारिंगी, मग हिरवा आणि पांढरा म्हणजे जवळपास नाहीच. स्टील, सिमेंट, साखर, कागद, रसायनं, औष्णिक वीज हे सगळे लाल रंगातले.

नियम मोडला तर काय? १९८१ च्या कायद्यात दीड ते सहा वर्षं तुरुंगवासाची तरतूद होती. ऐकायला कडक वाटतं, पण व्यवहारात मोठी अडचण होती. खटला वर्षानुवर्षं चालणार, त्यामुळे छोट्या चुकीसाठी कुणी तो भरत नव्हतं. दुसरा पर्याय म्हणजे कारखान्याची वीज तोडून तो बंद करणं. मग कामगारांचं काय? म्हणजे मंडळाच्या हातात एक तर नोटीस, नाहीतर थेट हातोडा. मधलं काहीच नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं या गुन्ह्यांसाठीचा तुरुंगवास बराचसा काढून त्याजागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. पण दंड लावायचा तरी मोजमाप हवंच ना? खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

## धूर मोजतात तरी कसा?

जुनी पद्धत अशी. मंडळाची किंवा प्रयोगशाळेची माणसं शिडीनं चिमणीवर चढतात. वर एक प्लॅटफॉर्म असतो आणि चिमणीला एक भोक ठेवलेलं असतं. त्यातून नळी आत घालतात आणि पंपानं धूर ओढतात. धूर ज्या वेगानं वर चाललाय, त्याच वेगानं ओढावा लागतो, नाहीतर आकडा चुकतो. कण एका फिल्टरवर जमा होतात. फिल्टरचं आधीचं आणि नंतरचं वजन यातला फरक म्हणजे कणांचं वजन. त्यावरून एक घनमीटर धुरात किती मिलिग्रॅम कण आहेत, हे काढतात.

पद्धत चांगली आहे, पण तो वर्षातल्या अर्ध्या-एक तासाचा फोटो आहे, व्हिडिओ नाही. त्या दिवशी कारखान्यानं बॉयलर हळू चालवला, चांगला कोळसा टाकला, फिल्टर साफ करून घेतला की फोटो छान येतो. माझ्या गावात तपासणीच्या दिवशी धूर पातळ का असायचा, याचं उत्तर बहुतेक यातच असावं.

## गुजरातचा धडा: मोजणाऱ्याला पैसे कोण देतो?

गुजरातमध्ये १९९६ पासून, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, मोठ्या प्रदूषणकारी कारखान्यांना दरवर्षी बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यावी लागते. कल्पना चांगली होती, पण एक गोम होती. ऑडिटर कारखानाच निवडणार आणि फीही कारखानाच देणार. वाईट अहवाल दिला तर पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला!

२००९ ते २०११ या काळात गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळानं संशोधकांसोबत एक प्रयोग केला. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन हे ते संशोधक. डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अहमदाबाद आणि सुरत भागातले ४७३ कारखाने घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट केले.

एका गटात जुनीच पद्धत ठेवली. दुसऱ्या गटात चार गोष्टी बदलल्या:

१. कोणत्या कारखान्याला कोणता ऑडिटर, हे कारखाना ठरवणार नाही. ते चिठ्ठीनं ठरेल.
२. फी ठरलेली असेल आणि ती एका सामायिक निधीतून मिळेल, कारखान्याकडून नाही.
३. ऑडिटरनं मोजलेल्या काही ठिकाणी दुसरी टीम जाऊन पुन्हा मोजेल.
४. दुसऱ्या वर्षी, ज्याचे आकडे बरोबर निघतील त्याला जास्त मानधन.

निकाल ऐकून मी अक्षरशः दोनदा वाचला. जुन्या पद्धतीतल्या ऑडिटरांच्या अहवालानुसार फक्त ७ टक्के कारखाने कणांची मर्यादा ओलांडत होते. त्याच ठिकाणी पुन्हा मोजल्यावर कळलं, की प्रत्यक्षात ५९ टक्के ओलांडत होते! नव्या पद्धतीत खोटं ‘सगळं ठीक’ लिहिण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. आणि अहवाल खरे यायला लागल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं.

लक्षात घ्या, ऑडिटर बहुतेक तेच होते. माणसं बदलली नाहीत, फक्त पैसे येण्याचा रस्ता बदलला.

### मग तपासण्याच वाढवल्या तर?

हाही प्रयोग गुजरातमध्ये झाला. काही कारखान्यांच्या तपासण्या साधारण दुप्पट केल्या. प्रदूषणात फारसा फरक पडला नाही. कारण असं दिसलं, की सर्वांत जास्त धूर सोडणारे कारखाने मंडळाच्या अधिकाऱ्यांना अनुभवानं आधीच माहीत असतात आणि ते तिथे जातातच. वाढीव तपासण्या सरसकट वाटल्या गेल्या, त्यामुळे त्या थोडाफार नियम मोडणाऱ्यांकडे वाया गेल्या.

म्हणजे जास्त साहेब पाठवून भागत नाही. रोजचं, खरं आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेलं मोजमाप लागतं.

## सीईएमएस म्हणजे काय?

सीईएमएस म्हणजे सतत उत्सर्जन मोजणारी यंत्रणा. केंद्रीय मंडळानं २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ती बसवायला सांगितलं.

तुमच्या स्मार्टवॉचसारखं समजा. डॉक्टरकडे वर्षातून एकदा बीपी तपासणं ही जुनी पद्धत. मनगटावर दिवसभर चालणारा सेन्सर म्हणजे सीईएमएस. तिचे तीन भाग असतात:

- सेन्सर: चिमणीत बसवलेला. काही सेन्सर प्रकाशाचा किरण धुरातून सोडतात आणि कणांमुळे तो किती अडला किंवा विखुरला ते पाहतात. काहींमध्ये धातूची एक दांडी असते. कण तिच्यावर आदळले किंवा जवळून गेले की बारीक विद्युत भार तयार होतो, त्यावरून कणांचा अंदाज येतो.
- डेटा लॉगर: सेन्सरचे आकडे साठवणारा छोटा संगणक.
- सर्व्हर: इंटरनेटवरून आकडे मंडळाकडे जातात. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्येही तेच दिसतात.

पण सेन्सर लावला म्हणजे काम झालं असं नाही. सेन्सर थेट वजन करत नाही, तो फक्त सिग्नल देतो. त्या सिग्नलचं मिलिग्रॅममध्ये रूपांतर करायला जुन्या पद्धतीनं फिल्टर लावून मोजावंच लागतं आणि दोन्ही आकडे जुळवावे लागतात. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. ते चुकलं किंवा मुद्दाम चुकवलं, तर सेन्सर दिवसभर अगदी नियमितपणे खोटं बोलतो. शिवाय नेट गेलं, लाइट गेली, वायर ‘निघाली’, अशी कारणं असतातच.

## सुरतचा बाजार: प्रदूषणाचं परमिट?

सुरत म्हणजे कापडाचं शहर. खानदेशातून कामासाठी गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं तिथे उधना, लिंबायत भागात राहतात. पांडेसरा, सचिन, पलसाणा या पट्ट्यात कापड रंगवणाऱ्या आणि छपाई करणाऱ्या शेकडो मिल आहेत. रंगकामाला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला कोळसा किंवा लिग्नाइट.

२०११ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं उत्सर्जन बाजाराच्या प्रयोगासाठी गुजरात, महाराष्ट्र आणि तमिळनाडू ही तीन राज्यं घेतली होती. प्रत्यक्षात बाजार उभा राहिला तो सुरतला. ३०० हून अधिक मोठ्या, कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांमध्ये आधी सीईएमएस बसवली. मग त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठीनं बाजारात घेतलं आणि उरलेले जुन्याच नियमांवर ठेवले, म्हणजे तुलना करता येईल. २०१९ च्या पर्यावरण दिनी योजना जाहीर झाली, आधी सरावाचे व्यवहार झाले आणि त्यानंतर खऱ्या पैशांचे सुरू झाले.

### आधी एक छोटं गणित

जुन्या नियमात ‘एक घनमीटर धुरात १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कण नकोत’ अशी मर्यादा होती. पण धूर एकूण किती सोडला, याला मर्यादा नाही. एका मिलमधून तासाला २० हजार घनमीटर धूर निघत असेल, तर १५० मिलिग्रॅमनं तासाला ३ किलो कण हवेत जातात. दुसरीतून ४० हजार घनमीटर निघत असेल, तर ६ किलो. कागदावर दोघीही पास! तुमच्या-माझ्या फुप्फुसाला मात्र किलोशी मतलब आहे. म्हणून सुरतमध्ये एकूण किलो मोजायचं ठरलं.

### बाजार कसा चालतो?

- सगळ्या सहभागी कारखान्यांचं मिळून महिन्याला किती कण चालतील, ते मंडळ ठरवतं. सुरुवातीला ही मर्यादा २८० टन होती, पुढे ती १७० टनांपर्यंत खाली आणली.
- तेवढ्या वजनाची परमिट तयार होतात. त्यातली ८० टक्के कारखान्यांना फुकट वाटली जातात आणि २० टक्के ऑनलाइन लिलावात विकली जातात.
- ज्याचा धूर परमिटपेक्षा कमी, तो उरलेली परमिट विकू शकतो. ज्याचा जास्त, त्याला विकत घ्यावी लागतात.
- भाव किलोला किमान ५ आणि कमाल १०० रुपये, या मर्यादेतच राहतो.
- शेवटी परमिट कमी पडली तर दंड, तोही बाजारातल्या सर्वांत मोठ्या भावाच्या दुप्पट. तो कारखान्यानं आधीच भरलेल्या अनामत रकमेतून कापला जातो. कोर्टकचेरी नाही, तारीख पे तारीख नाही.
- सेन्सरचा डेटा आला नाही, तर रिकामी जागा जास्तीचा आकडा धरून भरली जाते. म्हणजे वायर ‘निघाली’ तर तोटा कारखान्याचाच.

### उदाहरणानं समजून घेऊ

समजा दोन मिल आहेत. दोघी महिन्याला १००० किलो कण सोडतात. एकूण २००० चे १४०० करायचे आहेत. पहिलीला १ किलो कमी करायला १० रुपये लागतात, कारण तिचा फिल्टर नुसता साफ ठेवला तरी भागतं. दुसरीला ४० रुपये लागतात, कारण तिचा बॉयलर जुना आहे.

दोघींनी ३००-३०० किलो कमी करायचे, असा नियम केला तर खर्च ३ हजार अधिक १२ हजार, म्हणजे १५ हजार रुपये.

आता दोघींना ७००-७०० किलोची परमिट द्या. पहिली ६०० किलो कमी करते, खर्च ६ हजार. तिच्याकडे ३०० परमिट उरतात, ती २५ रुपये किलोनं दुसरीला विकते आणि ७५०० रुपये मिळवते. दुसरी १२ हजार खर्च करण्याऐवजी ७५०० देते. हवेत तेच १४०० किलो, पण एकूण खर्च १५ हजारांऐवजी ६ हजार! पहिलीला तर वर १५०० रुपये सुटले. धूर कमी करणं हा पहिल्यांदाच धंद्याचा भाग झाला.

### निकाल काय लागला?

हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातल्या कारखान्यांचं उत्सर्जन बाहेरच्या कारखान्यांपेक्षा २० ते ३० टक्के कमी राहिलं. ९९ टक्के वेळा कारखान्यांकडे पुरेशी परमिट होती, म्हणजे नियम जवळपास सगळ्यांनीच पाळले. तेवढंच प्रदूषण कमी करायचा खर्चही जुन्या पद्धतीपेक्षा ११ टक्के कमी आला.

इथे एक गोष्ट महत्त्वाची. दोन्ही गटांत सेन्सर होते. म्हणजे नुसत्या सेन्सरनं ही जादू झाली नाही. सेन्सरच्या आकड्याला पैशाचा अर्थ आला, तेव्हा फरक पडला.

## महाराष्ट्राचे स्टार

आपल्याकडे वेगळा रस्ता निवडला गेला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं संशोधकांसोबत मिळून ‘स्टार रेटिंग’ योजना आणली. फ्रिज-एसीवर असतात ना, तसेच कारखान्याला स्टार. चिमणीच्या अलीकडच्या नमुन्यांवरून सर्वांत स्वच्छ कारखान्याला ५ आणि सर्वांत जास्त कण सोडणाऱ्याला १. आणि हे रेटिंग फाइलीत नाही, वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुलं.

यात ना बाजार आहे, ना नवा दंड. ताकद एवढीच, की आकडा लोकांसमोर येतो. शेजारच्या कारखान्याला ४ स्टार आणि आपल्याला १, हे मालकाला, बँकेला, ग्राहकाला आणि गावाला दिसतं. अशी कल्पना इंडोनेशियात १९९५ पासून आहे. तिथे स्टारऐवजी रंग देतात, सोनेरी सर्वांत चांगला आणि काळा सर्वांत वाईट. ओडिशानंही महाराष्ट्रानंतर स्टार योजना सुरू केली.

## पुढे काय? स्टील आणि कार्बन

आतापर्यंत आपण कणांबद्दल बोललो. आता हीच पद्धत कार्बनसाठी येतेय. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयानं ‘ग्रीन स्टील’ची व्याख्या ठरवली. एक टन स्टील बनवताना २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं तर ते ग्रीन. त्यातही १.६ टनांपेक्षा कमी असेल तर ५ स्टार.

२०१२ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एक योजना चालू आहे. तिच्यात मोठ्या उद्योगांना वीज-इंधन वाचवायचं लक्ष्य मिळतं आणि जास्त वाचवणाऱ्याला प्रमाणपत्रं विकता येतात. आता २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना त्यापुढचं पाऊल आहे. सुरतमध्ये जे किलोत झालं, ते देशभर टनात करायचा हा प्रयत्न. म्हणून सुरतचा धडा इथेही लागू पडतो: मोजणारा कुणाच्या पैशावर आहे, हे आधी बघा.

## कुठे कमी पडतं?

सगळंच गोड आहे असं नाही.

- सुरतचा बाजार फक्त चिमणीतल्या कणांचा आहे. सल्फर डायऑक्साइड, सांडपाणी, उघड्यावर पडलेल्या कोळशाची धूळ यात येत नाही.
- एकूण आकडा कमी झाला, तरी जी मिल परमिट विकत घेते तिच्या शेजारच्या वस्तीला जुनाच धूर मिळू शकतो. म्हणून बाजारासोबत स्थानिक मर्यादाही लागतात.
- मर्यादा किती ठेवायची, हे शेवटी मंडळच ठरवतं. उद्योगांच्या दबावाखाली ती सैल ठेवली, तर परमिट स्वस्त होतात आणि बाजार नावापुरता राहतो.
- स्टार द्यायला ताजे नमुने लागतात. जुन्या नमुन्यावर दिलेला स्टार म्हणजे जुना फोटो.

## तुम्ही फोनवरून काय करू शकता?

१. समीर ॲप बघा. केंद्रीय मंडळाचं हे ॲप तुमच्या जवळच्या केंद्रावरची हवेची गुणवत्ता दाखवतं. पण ती शहराच्या हवेची आहे, एका कारखान्याची नाही, हे लक्षात ठेवा.

२. संमतीपत्र शोधा. महाराष्ट्र मंडळाच्या वेबसाइटवर कारखान्यांची संमतीपत्रं मिळतात. त्यात इंधन, चिमणीची उंची आणि मर्यादा लिहिलेली असते. तक्रार करण्याआधी ते वाचा.

३. नोंद ठेवा. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि व्हिडिओ. पांढरा धूर बऱ्याचदा नुसती वाफ असते आणि थोड्या अंतरावर विरून जाते. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. एका व्हिडिओपेक्षा महिनाभराची वही जास्त बोलते.

४. माहिती अधिकार वापरा. १० रुपये शुल्क, अर्ज ऑनलाइनही करता येतो आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘प्रदूषण का होतं?’ असं विचारू नका. ‘अमुक कारखान्याच्या चिमणीचे मागच्या एका वर्षातले नमुना अहवाल आणि सीईएमएसचा डेटा किती दिवस आला नाही, ती माहिती द्या’ असं विचारा.

## वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैसे देऊन प्रदूषण करायची ही सूट नाही का?
एकूण मर्यादा नसती तर तसं म्हणता आलं असतं. इथे एकानं जास्त परमिट घेतलं, की दुसऱ्याला तेवढं कमी सोडावंच लागतं. आधी मात्र मर्यादेच्या आतला सगळा धूर फुकट होता आणि मर्यादेबाहेरचा बहुतेक वेळा कुणी पाहतच नव्हतं.

कारखाने यात सहभागी का होतात?
त्यांना अचानक बंद होण्याची भीती कमी होते, खर्चाचा अंदाज येतो आणि स्वच्छ काम करणाऱ्याला पैसे मिळतात. प्रामाणिक मालकाची जुनी तक्रार असते, की आम्ही फिल्टर चालवून वीजबिल भरायचं आणि शेजारी बंद ठेवून स्वस्तात माल विकणार. मोजमाप सगळ्यांचं झालं तर ही तक्रार मिटते.

सेन्सर असेल तर अधिकाऱ्यांची गरज उरत नाही का?
उलट जास्त आहे. कॅलिब्रेशन तपासणं, डेटात काही गडबड दिसली तर जाऊन बघणं, मर्यादा ठरवणं ही कामं माणसांचीच आहेत. फक्त आता अधिकारी कुठे जायचं ते डेटा बघून ठरवू शकतो.

## शेवटी माझं मत

‘मंडळ आणि उद्योग यांचं सहकार्य’ म्हटलं की आपल्याला शंका येते आणि ती चुकीची नाही. बंद दाराआडचं सहकार्य म्हणजे संगनमतच. पण गुजरातच्या अनुभवातून मला एक साधी कसोटी मिळाली. कुठल्याही हिरव्या योजनेबद्दल तीन प्रश्न विचारा: मोजतो कोण? त्याला पैसे कोण देतो? आणि आकडा मला बघता येतो का? तिन्ही उत्तरं समाधानकारक असतील तर ते सहकार्य. नसतील तर आईला कपडे पुन्हा झटकावे लागणार.

तुमच्या गावाजवळच्या कारखान्याचं संमतीपत्र आज एकदा शोधून वाचा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्यातला आकडा एकदा कळला की चिमणीकडे बघायची नजरच बदलते.